मार्खा खोऱ्यासाठी दहा दिवस पुरतील काय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
आम्ही चौघे ऑगस्टमध्ये लडाखमधील मार्खा खोऱ्याचा ट्रेक करण्याच्या विचारात आहोत. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट भर पावसात तुडवण्याची आम्हाला सवय आहे. मात्र कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर, तर लेह ३,५०० मीटरवर असल्याने विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी चालू लागणे योग्य ठरेल काय? प्रवास धरून सुट्टी दहाच दिवसांची आहे.

पहिले उत्तर:
मुळीच नाही. लेहमध्ये एका श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि पायांतील ताकद ही उणीव भरून काढत नाही. उलट सह्याद्रीत तरबेज झालेला गडीच वेगाने चालून आधी आडवा होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. लेहमध्ये किमान तीन रात्री काढाव्यात. या ट्रेकमध्ये निमालिंगचा मुक्काम ४,७०० मीटरच्या वर असून दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला ही ५,२०० मीटरच्या आसपासची खिंड ओलांडावी लागते. डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर चढू नये. चालताना झोक जाऊ लागल्यास रात्र असली तरी खाली उतरावे. डायमॉक्स, म्हणजे उंचीवरचा त्रास टाळण्याचे औषध, घ्यायचे असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असल्यास.

दुसरे उत्तर:
दहा दिवसांत मार्खा बसवण्याचा अट्टहास नको. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम ही शाम खोऱ्यातील वाट तीन-चार दिवसांत होते आणि तिच्यावरील खिंडी ४,००० मीटरच्या आतच राहतात. दिवस वाढवून मिळाले, तर श्रीनगर-कारगिलमार्गे लेह गाठावे, कारण कारगिलचा मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर होतो; मनालीच्या रस्त्याने सरचूला ४,२०० मीटरच्या वर रात्र काढणे नवख्याला महागात पडते.

तिसरे उत्तर:
लेह पर्जन्यछायेत असल्याने ‘तिथे पाणी कुठले’ असे वाटेल, परंतु उन्हाने बर्फ वितळून दुपारी मार्खा नदी चढते, म्हणून ती सकाळीच ओलांडावी. वाटेतील मणी भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची रास, नेहमी उजव्या हाताला ठेवून जावे. गावांत घरगुती मुक्कामाची सोय होते. तिथे मिळणारा त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ, आपल्याकडच्या पोटालाही मानवतो. तांबड्या रश्श्याची आठवण मात्र तिसऱ्या दिवशी येतेच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चार दिवसांची रजा वाढवून मागतो. न मिळाल्यास शाम खोरे नक्की.