प्रतिसाद: रोज पन्नास शब्द पाठ करण्याबद्दल

वर कुणीतरी रोज पन्नास इंग्रजी विशेषणे अर्थासह पाठ करा म्हटलंय. कृपया नको. अर्थ लक्षात राहतो, वापर येत नाही. दिवसाला पाच शब्द घ्या, पण डोळ्यासमोरच्या गोष्टीला जोडून.

आपली पऱ्हाटीच (कपाशीचं झाड) बघा. दुपारच्या उन्हात माना टाकते ती 'विल्ट' होते. पाणी मिळालं की सहसा सावरते. पार वाळून आकसली तर 'विदर'. उन्हानं पानं करपली तर 'स्कॉर्च्ड'. भेगाळलेली जमीन 'पार्च्ड'. मराठीत चारही ठिकाणी 'सुकलं' म्हणून भागतं, म्हणूनच तिथे चूक होते. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाला 'सल्ट्री' लिहू नका. तो शब्द भादव्यातल्या घामेजल्या उकाड्याचा. मे महिन्याला 'स्कॉर्चिंग'.

क्रियापदांकडे लोक दुर्लक्ष करतात, खरी ताकद तिथेच आहे. चिखलातून थकून पाय ओढत जाणं 'ट्रज', रमतगमत जाणं 'स्ट्रोल', लंगडणं 'लिम्प'. 'ट्रज'मध्ये हळूपणा आलाच, पुढे 'स्लोली' जोडू नका. तसंच 'स्कॉर्चिंग'आधी 'व्हेरी' लावत नाहीत, 'ॲब्सोल्यूटली' चालतं.

वहीत शब्द एकटा कधीच लिहू नका, जोडीनं लिहा: पावसाला 'हेवी', वाऱ्याला 'स्ट्राँग'. उलटं केलं तर कानाला खटकतं. खाली धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) किंवा घरातलं स्वतःचं एक वाक्य. मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी शब्द झाकून फक्त मराठी प्रसंगावरून तो आठवा. नुसतं वाचून गेलात तर ओळख वाढते, ऐन बोलताना शब्द सापडत नाही.