मदत हवी आहे: इंग्रजी पेपरमध्ये ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?

नदीकाठ
पेपर दुरुस्तीसाठी परत आलाय. रिव्ह्यूअरची एकच ओळ: पॅसिव्ह फार आहे, कमी करा. वर्डही जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली रेघ मारतंय. ॲक्टिव्ह करायला गेलं तर गाइड म्हणतात, शास्त्रीय लेखनात 'वुई' चालत नाही. परवा पाठवायचाय. नियम काय तेवढा सांगा.

शाईपेन
विषय कोणता? पेपरचा कोणता भाग? मेथड्सचं उत्तर वेगळं, डिस्कशनचं वेगळं. चार-पाच वाक्यं जशीच्या तशी टाका.

थेटबोल
सरसकट ॲक्टिव्ह करा. नेचर समूहाची नियतकालिकं लेखकांना ॲक्टिव्हच लिहायला सांगतात. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा पेपर 'वुई' या शब्दानेच सुरू होतो. गाइडना तो दाखवा.

प्रयोगवही
सरसकट नको. मेथड्समध्ये 'वुई कलेक्टेड, वुई फिल्टर्ड, वुई इन्क्युबेटेड' असं ओळीने दहा वेळा आलं की वाचवत नाही. तिथे नमुन्याचं काय केलं ते वाचकाला हवं असतं, कुणी केलं ते नाही. एपीए या शास्त्रीय लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेची सातवी आवृत्ती (२०१९) एरवी ॲक्टिव्हच्या बाजूची, पण कृती ज्यावर झाली त्याला महत्त्व असेल तिथे पॅसिव्ह तिलाही चालतो.

नदीकाठ
नदीच्या पाण्याचं प्रदूषण. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. ही घ्या वाक्यं:
१. वॉटर सॅम्पल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम सिक्स स्टेशन्स.
२. डीओ वॉज डिक्रीज्ड इन समर.
३. फिश मॉर्टॅलिटी वॉज ऑकर्ड ॲट स्टेशन फोर.
४. युजिंग अ जीपीएस, द स्टेशन्स वेअर मार्क्ड.
५. इट वॉज ऑब्झर्व्हड दॅट बीओडी वॉज हायर डाउनस्ट्रीम.

शाईपेन
आता बोलता येईल. यात खरी अडचण पॅसिव्हच्या संख्येची नाहीच.

पहिलं वाक्य बरोबर आहे, हात लावू नका.

दुसरं चूक. डीओ कुणी मुद्दाम कमी केला नाही, तो आपोआप घटला. 'डीओ डिक्रीज्ड इन समर' लिहा. 'कमी झाला' मधला 'झाला' डोक्यात असतो, म्हणून हात आपसूक 'वॉज' लिहितो. मराठीत फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशी वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीत 'ब्रेक', 'इन्क्रीज', 'चेंज', 'मेल्ट', 'डिझॉल्व्ह', 'कूल' ही दोन्ही कामं करतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा: हे कुणी केलं, की घडलं? 'द सोल्युशन वॉज कूल्ड' म्हणजे तुम्ही थंड केलं, 'द सोल्युशन कूल्ड' म्हणजे ठेवल्या ठेवल्या थंड झालं. प्रयोग पुन्हा करणाऱ्याला हा फरक लागतो. तुमच्याच पेपरमध्ये 'डीओ वॉज फिक्स्ड ॲट द साइट' (रसायनं घालून ऑक्सिजन जागेवरच बांधून ठेवला) असेल तर ते अगदी बरोबर, कारण मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड बाटलीत कुणीतरी घातलं.

तिसऱ्यातल्या 'ऑकर'ला पॅसिव्ह नसतोच. 'हॅपन', 'अपीअर', 'डिसअपीअर', 'रिमेन', 'एक्झिस्ट', 'कन्सिस्ट' यांनाही नाही. फाइलमध्ये 'वॉज ऑकर्ड', 'वेअर कन्सिस्टेड', 'वॉज हॅपन्ड' शोधा आणि 'वॉज', 'वेअर' काढून टाका. 'वेअर कन्सिस्टेड ऑफ' चं 'कन्सिस्टेड ऑफ' होईल.

चौथ्यात जीपीएस कुणी वापरला? वाक्यरचनेप्रमाणे स्टेशन्सनी. 'द स्टेशन्स वेअर मार्क्ड विथ अ जीपीएस रिसीव्हर' करा.

पाचव्यातलं 'इट वॉज ऑब्झर्व्हड दॅट' पूर्ण उडवा. 'बीओडी वॉज हायर डाउनस्ट्रीम' पुरेसं आहे आणि ते पॅसिव्ह नाही.

फळाखडू
दहावीच्या मुलांसाठीही इथेच लिहून ठेवते. 'ओपन द डोअर'चं 'लेट द डोअर बी ओपन्ड' होतं. 'हू ब्रोक द विंडो'चं 'बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन'. 'बाय' विसरलं की गुण जातात.

प्रयोगवही
ताई, परीक्षेतलं रूपांतर वेगळं. तिथे दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच धरतात, म्हणून मुलं मोठी झाली तरी कोणतंही चालेल असं समजतात.

फळाखडू
रूप बनवता आलं तरच निवडता येईल ना? आधी ते पक्कं हवं.

थेटबोल
शाईपेन, दुरुस्त्या मान्य. पण डिस्कशनमध्ये तरी पॅसिव्ह नकोच.

शाईपेन
तिथेही लागतो. एका परिच्छेदात स्टेशन थ्रीबद्दल बोलताय: 'स्टेशन थ्री लाइज बिलो द टाउन. इट इज फेड बाय टू नालाज.' हे ॲक्टिव्ह केलं तर 'टू नालाज' मध्येच पुढे येतात आणि स्टेशनवरचं लक्ष उडतं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते वाक्याच्या सुरुवातीला राहू द्यायचं, मग क्रियापदाचं रूप आपोआप ठरतं. मात्र निष्कर्ष कुणाचा हे लपवायला पॅसिव्ह वापरू नका. 'इट इज बिलीव्हड दॅट' लिहिलंत की कुणाचं मत, हा प्रश्न उरतो.

खिडकीबंद
वर्डची रेघ नको असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग. तिथे रायटिंग स्टाइलशेजारच्या सेटिंग्जमध्ये पॅसिव्ह व्हॉइसची खूण काढा. 'शो रीडेबिलिटी स्टॅटिस्टिक्स' चालू केलंत तर तपासणी संपल्यावर पॅसिव्ह वाक्यांची टक्केवारी दिसते. रिव्ह्यूअरला उत्तर देताना आधीची आणि नंतरची दोन्ही द्या.

प्रयोगवही
अवांतर: बीओडीची चाचणी २७ अंशांवर ३ दिवस की २० अंशांवर ५ दिवस, हे लिहिलंय का? न लिहिता आकडे दिले तर पुढचा शेरा त्यावर येईल.

नदीकाठ
२७ वर ३ दिवस. लिहिलं नव्हतं, टाकतो. पण गाइड 'वुई'ला तयार नाहीत, त्याचं काय?

शाईपेन
वाद घालू नका. रिझल्ट्समध्ये निष्कर्षांनाच कर्ता करा: 'टेबल टू शोज', 'द डेटा इंडिकेट', 'बीओडी रोझ'. 'वुई'ही नाही आणि पॅसिव्हही नाही. 'द ऑथर्स' मात्र टाळा, संदर्भ दिलेल्या पेपरचे लेखक की तुम्ही, ते कळत नाही. आधी 'इट वॉज' शोधून काढा, मग रिझल्ट्स. मेथड्सला शेवटी हात लावा, तिथे बदलण्यासारखं फार निघणार नाही.