प्रतिसाद: रेड डॉटसोबतची आयर्न साइट

रायफलीवरचा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साइट, बंद पडला तर आधाराला घडीची प्लॅस्टिक आयर्न साइट (काच-बॅटरीविना नेम धरायची साधी साइट) पुरे, असे मूळ पोस्टमध्ये म्हटले आहे. बॅटरी संपण्यापुरते ते बरोबर आहे, कारण दिवा विझला तरी काच पारदर्शकच राहते आणि तिच्यातूनच माशी, म्हणजे आयर्न साइटची पुढची नेमखूण, दिसते. मात्र आपल्या गोव्यात काच दगा देते ती बहुधा दमटपणामुळे. जुलैत एसी लावलेल्या गाडीतून रायफलीची पेटी काढून उघडली, तेव्हा भिंगावर इतके धुके धरले की लाल ठिपका आणि त्यामागची माशी दोन्ही एकदमच गेले. अशा वेळी झटकन निघणारा माउंट किंवा पंचेचाळीस अंशांत बाजूला बसवलेली साइटच उपयोगी पडते.

रेड डॉटच्या उंचीबाबत माझी पसंती खालच्या एकतृतीयांश जुळणीला आहे, म्हणजे आयर्न साइट काचेच्या खालच्या तिसऱ्या भागात दिसेल अशी. एआर पद्धतीच्या (एआर-१५ सारख्या) रायफलीवर रेलपासून, म्हणजे साइट बसवायच्या वरच्या पट्टीपासून, भिंगाचा मध्य सुमारे १.५७ इंच ठेवला, तर माशी काचेच्या तळाशी राहते आणि नजरेच्या आड येत नाही. पूर्ण जुळणीत, म्हणजे सुमारे १.४१ इंचांवर, ती कायम मध्येच उभी असते. गॅस ब्लॉकवर (नळीतला तप्त वायू वळवणाऱ्या भागावर) प्लॅस्टिक साइट बसवू नये, कारण तिथली उष्णता तिला सोसत नाही. खाऱ्या हवेत पोलादी साइटची स्प्रिंग आणि पिन मात्र तेलाच्या फडक्याने नेमाने पुसावी लागते.

आणखी एक: ठिपक्यावर माशी टेकवून काम झाले असे समजू नये, आयर्न साइटचे शून्यांकन (नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणे) स्वतंत्रपणे, गोळ्या झाडूनच करावे.