शब्दचर्चा: सरकलेल्या चंद्राला जागेवर आणण्याला काय म्हणावं?

परभणीहून: अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. सेलेस्टिया या संगणकावर अवकाश दाखवणाऱ्या प्रोग्रामवर शनीचे लहान चंद्र फिरवून दाखवतो. दोन ठिकाणी अडलोय. एक, सिम्युलेशन, म्हणजे हे असं संगणकावर घडवून दाखवणं. ‘अनुकरण’ म्हटलं की मुलांना नक्कलच आठवते. दुसरं, नवी निरीक्षणं आली की चंद्राच्या कक्षेचे आकडे बदलावे लागतात, त्याला काय म्हणायचं? ‘दुरुस्ती’ लिहिलं तर मुलं विचारतात, “सर, आधीचं गणित चुकलं होतं का?”

नांदेडहून: ‘प्रतिरूपण’ आणि ‘सदृशीकरण’ दोन्ही वाचनात आलेत. बोलण्यात एकही नाही. वर्गात सिम्युलेशनच राहू द्या, सर.

अंबाजोगाईहून: पहिल्या शब्दाबद्दल माझंही तेच मत. दुसऱ्यासाठी ज्योतिषगणितातला जुना शब्द आहे, ‘बीजसंस्कार’. ग्रंथातल्या गतीनं काढलेला ग्रह आकाशात त्या जागी दिसेनासा झाला, की गणितात जी भर घालायची किंवा जी वजावट करायची, ते बीज. गणित आणि डोळ्यांना दिसणारं जुळलं, की ‘दृक्प्रत्यय’ आला. पार्थपूरच्या ज्ञानराजांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला, आणि पार्थपूर म्हणजे आपली पाथरी असं अभ्यासक मानतात. तुमच्याच जिल्ह्यात ही विद्या नांदली, तर तिचे शब्द तिथल्या मुलांच्या कानावर पडलेच पाहिजेत.

उदाहरण शनीच्या प्रोमिथियस या चंद्राचं द्या. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रांत तो सापडला, त्यावरून कक्षा बसवली. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीनं पाहिलं, तर अपेक्षित जागेपेक्षा सुमारे २० अंश मागं! शेजारच्या पँडोरा या चंद्राची ओढ त्याला कारण. प्रोमिथियसच्या १२१ फेऱ्या होतात तेवढ्यात पँडोराच्या जवळपास ११८. त्यामुळे दोघांची गाठ ठरावीक क्रमानं पडत राहते, आणि कक्षा अशा बदलतात की फार पुढचं भाकीत टिकत नाही. आधीचं गणित त्या काळापुरतं बरोबरच होतं, हे मुलांना ठासून सांगा.

संभाजीनगरहून: शब्द सुंदर आहे, पण सरसकट नको. बीज लावलं तरी कक्षेचा साचा तोच राहतो. शनीचेच जेनस आणि एपिमेथियस हे चंद्र घ्या. त्यांच्या कक्षांत जेमतेम ५० किलोमीटरचं अंतर. दर चार वर्षांनी आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. ठरलेलं लंबवर्तुळ भरून ठेवलं असेल तर ही अदलाबदल पडद्यावर दिसणारच नाही. तिथं प्रत्येक टप्प्याला गुरुत्वाची ओढ नव्यानं मोजत पुढं जावं लागतं. त्याला बीजसंस्कार म्हणणं मला पटत नाही. ‘टप्प्याटप्प्यानं गणित’ म्हणा, कळतं.

अंबाजोगाईहून: मान्य, ताई. मग प्रोमिथियसलाही बीज थोड्या काळापुरतंच पुरेल. पुन्हा निरीक्षण, पुन्हा बीज.

परभणीहून: टिपणात असं लिहितो: “निरीक्षणाशी मेळ बसावा म्हणून कक्षेच्या आकड्यांत केलेला बदल म्हणजे बीजसंस्कार.” जेनस-एपिमेथियसचा परिच्छेद वेगळा करतो. तिथं ‘कक्षा’ऐवजी ‘मार्ग’ लिहिलं तर चालेल का? कक्षा म्हटलं की मुलं बंद वळसाच काढतात.

संभाजीनगरहून: चालेल. आखलेली ती कक्षा, चंद्र प्रत्यक्ष गेला तो मार्ग. हा फरक टिपणात सुरुवातीलाच द्या.