मदत हवी आहे: मुळशी धरणाला सायकलने पूर्ण वळसा, सुलटा घालू की उलटा?

हळूहळू_चाललंय

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

वय 44, राहते कोथरूडला, रोडबाइक आहे, पुढच्या चकत्या 50-34 दात्यांच्या आणि मागची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) 11-28 दात्यांची, टायर 25 मिमीचे. रोजचं चांदणी चौक-पिरंगुट होतं, आणि मागच्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड) पावणेतेरा तासांत केली (लिमिट साडेतेराची असते, म्हणजे कशीबशीच). त्यामुळे मला उगाच वाटायला लागलं की सव्वाशे किलोमीटर म्हणजे काय, किस झाड की पत्ती.

रूट असा: पौडला गाडी लावायची, तिथून मुळशी, मग जलाशयाच्या कडेकडेने ताम्हिणी गाव, तिथे माणगावचा रस्ता सोडून उजवीकडे निवे, पिंपरी, भांबर्डे, सालतर, आंबवणे, मग कोरीगडाखालून घुसळखांब, आणि तिथून लोणावळ्याला न जाता तुंगकडे खाली उतरून चावसर-जवण-हडशी-कोळवण करत परत पौड. मुळशीचं अख्खं पाणी वळशात येतं आणि पवनेचा दक्षिण काठ बोनस. ॲपवर साधारण सव्वाशे दाखवतंय, चढ किती ते बघितलं नाही कारण बघितलं असतं तर निघालेच नसते.

तर गेल्या नोव्हेंबरात हे करायला गेले आणि भांबर्ड्याच्या अलीकडे पार बाजार उठला. निघायलाच साडेसात वाजले, मग पौडला मिसळ, मग पाण्याकाठी फोटो. निव्याच्या फाट्याला पोचेपर्यंत अकरा. तिथून पुढे रस्ता खालीवर खालीवर, एकही चढ फार लांब नाही पण पाय मोकळे व्हायच्या आत पुढचा समोर उभाच. दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि पिंपरीच्या पुढे कुठेतरी मागचं टायर बसलं.

आता खरी गंमत. सोबत नणंदेचा मुलगा होता, वय 19, वजन असेल पंचावन्न किलो. तो चढ दिसला की हरणासारखा पुढे पळतो आणि वर जाऊन माझी वाट बघतो. पंप त्याच्या सायकलला लावलेला. ट्यूब माझ्याकडे, पंप त्याच्याकडे, मधे दोन टेकड्या आणि फोन लागत नाही. पाऊण तास उन्हात बसले, पाणी संपलं, तो परत आला तेव्हा मांडीत गोळे आलेले. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी दोन्ही सायकली मागे टाकून आम्हाला लोणावळ्यात सोडलं, पैसेसुद्धा घेतले नाहीत. घरी दीर अजून विचारतात, वहिनी, टेम्पोचा ॲव्हरेज किती पडला?

यंदा पुन्हा जायचंय, नोव्हेंबरातच. उलट बाजूने म्हणजे आधी कोळवण-तुंग आणि शेवटी ताम्हिणी-मुळशी असं केलं तर सोपं जाईल का? वाऱ्याचा काही फरक? मागची कॅसेट बदलावी का, की हा पायांचाच प्रश्न आहे (खरं सांगा, वाईट वाटून घेणार नाही)? आणि माझ्यासारख्या हळू माणसाने नक्की कुठे ठरवायचं की आज नाही, परत फिरा?

पौडफाटा

ताई, टेम्पोचा ॲव्हरेज 😂

वाऱ्याचं डोक्यातून काढून टाका. गोल कुठल्याही बाजूने घातला तरी तुम्ही आधी पश्चिमेला जाणार आणि मग पूर्वेला येणार, त्यामुळे त्यात डावं-उजवं काही नाही. फरक ट्रॅफिकचा आहे. उलटं केलंत तर मुळशी-पौड तुमच्या वाट्याला संध्याकाळी येणार, आणि शनिवार-रविवार असेल तर कोकणातून परतणाऱ्या सगळ्या गाड्या तेव्हाच तिथे. मी एकदा केलंय, डावीकडे पाणी सोनेरी झालेलं आणि उजवीकडून एसयूव्ही कोपराला घासून जाताहेत, पाण्याकडे बघायची हिंमत होत नाही. सुलटंच करा, पण साडेपाचला पेडल मारा. नोव्हेंबरात साडेसहाला उजाडतं, म्हणजे पहिला तास अंधार, पुढेमागे दिवा लागेल. मिसळ परत आल्यावर.

स्पोकतुटला

मी थोडा असहमत. सुलटं केलं की हडशी-कोळवणचा लहान रस्ता दमलेल्या अवस्थेत आणि कदाचित अंधारात येतो, सहाला सूर्य मावळतो, खड्डा दिसत नाही, वर कुत्री. आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी मिळत असेल तर उलटं केलेलं चांगलं, शेवटी मोठा डांबरी रस्ता मिळतो.

कॅसेटबद्दल मात्र ठाम सांगतो, बदला. पुढच्या 34 ला मागचं 28 लावलं की पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण अडीच मीटर जाते. 34 ला 34 लावलं तर सव्वादोनच्या आत. चढावर स्पीड सहावर आला की तुमच्या आत्ताच्या गिअरला केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) चाळीसच्याही खाली जातो, म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा मांडीने ढकलायचा. तेच 34 वर अठ्ठेचाळीसच्या आसपास राहील. ऐकायला थोडं वाटतं पण सहा तास हे केलं की गोळे येणं न येणं इथेच ठरतं. पायांचा प्रश्न नाहीये ताई, 200 केलेल्या माणसाचे पाय ठीकच असतात. बीआरएमला बरेचदा हायवेवर एका लयीत जाता येतं, इथे लयच लागत नाही. फक्त दुकानात जाऊन आधी बघून घ्या, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग, आखूड असेल तर 34 चालणार नाही, 30 किंवा 32 वर भागवावं लागेल, आणि चेन पण लांब लागेल. जुनीच चेन ठेवून मोठी कॅसेट लावू नका, पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन पडली की डिरेलर उपटून निघतो.

टायर 28 बसतात का तेही बघा. पावसाळ्यानंतर तिकडे डांबर कमी आणि खडी जास्त असते, 25 ला 110 पीएसआय हवा भरून गेलात तर मनगटं आणि बूड दोन्ही राजीनामा देतील.

लिंबूपाणी

परत कुठे फिरायचं याचं उत्तर कुणीच दिलं नाही, आणि माझ्या मते धाग्यातला तोच महत्त्वाचा प्रश्न आहे.

निव्याचा फाटा. तिथे थांबा, घड्याळ बघा, साडेनऊच्या पुढे गेलं असेल तर आल्या रस्त्याने परत. तरी साठ-पासष्ट किलोमीटर होतात आणि पाण्याकाठची राइड म्हणून ती काही कमी नाही. फाटा सोडला की आंबवण्यापर्यंत मधे सोडून देण्यासारखी जागाच नाही, लोणावळ्याहून भांबर्ड्याला एसटी येते पण तिच्या भरवशावर सायकल काढू नये. दुसरी जागा घुसळखांब. तीन वाजून गेले असतील तर तुंगचा मोह सोडा, सरळ लोणावळा. उतार बघून तुंगकडे वळावंसं वाटतं पण पुढे चावसर-जवणचे चढ बाकी असतात हे तेव्हा आठवत नाही.

पाणी दोन बाटल्या पुरणार नाहीत, तीन न्या, आणि निवे-पिंपरीत घरांमध्ये मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्ये टाकायचं असतं, सातशे पन्नासच्या बाटलीत अख्खं ओतू नका. आणि भाच्याला पंप न देता वजन द्या, सगळं पाणी त्याच्या पाठीवर, मग बघा कसा पळतो ते.

(अवांतर: भांबर्ड्याकडच्या कुणाही म्हाताऱ्या माणसाशी बोलायला वेळ काढा. टाटांच्या या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, गावं गेली ती गेलीच, आणि ते पाणी अजूनही पुण्याकडे न येता खाली भिऱ्याला वीज करून कोकणात जातं. नुसता ॲव्हरेज बघत गेलात तर हे राहतं.)

हळूहळू_चाललंय

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

दुकानात जाऊन आले, केज आखूडच निघाला, 30 पर्यंत चालेल म्हणाले, तर 11-30 आणि नवी चेन घेतली. 28 चे टायर बसले. पंप दोन, ट्यूबा दोघांकडे दोन-दोन. भाच्याला सांगितलंय, प्रत्येक चढाच्या माथ्यावर मी दिसेपर्यंत थांबायचं आणि वळण घेताना तर थांबायचंच. लिंबूपाणी, साडेनऊचा नियम कागदावर लिहून हँडलबारला चिकटवणार आहे.

पौडफाटा आणि स्पोकतुटला, तुमच्या दोघांच्या भांडणातून मधला मार्ग काढलाय, सुलटंच पण शुक्रवारी आणि साडेपाचला. एकच अडचण आहे, शुक्रवारी भाच्याचं प्रॅक्टिकल असतं. तो म्हणतो मामी, मी बघतो. नणंदेला काय सांगायचं यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.