१७ वर्षांच्या मुलीचा गर्भपात: सही आईवडिलांचीच लागते का?

प्रश्न (आशा कार्यकर्ती, कळवा):
मुलगी मावशीकडे राहते, आईवडील गावी. साधारण ११ आठवडे. मावशीची सही चालेल का? पोलिसांच्या धास्तीने घरचे दवाखान्यातच येत नाहीत.

उत्तर १:
चालते, ताई. १९७१ च्या गर्भपात कायद्यात १८ खालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती हवी, पण पालक म्हणजे जिच्याकडे मुलीचा सांभाळ आहे ती व्यक्ती. फॉर्म सी वर (संमतीचा फॉर्म) मावशी सही करू शकते. दोघा आईवडिलांना बोलवा म्हणून अडवणं चूक, आठवडे त्यातच जातात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ ला दोघांचं. त्यापुढे बहुधा उच्च न्यायालय. मुलीची स्वतःची इच्छा मात्र आधी एकटीला बसवून विचारा!

उत्तर २:
पोलिसांबद्दल: पॉक्सो (१८ खालच्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. पण सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने त्या माहितीत तिचं नाव-पत्ता देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्या. बऱ्याच दवाखान्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून निकालाची प्रत सोबत ठेवा. आणि आधी एफआयआर आणा, मग गर्भपात, अशी अट कायद्यात कुठेही नाही.

उत्तर ३:
मावशीही तयार नसेल तर १०९८ वर (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा, ठाणे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे प्रकरण जाईल. घरगुती गोळ्या कुणी देऊ नका, रक्तस्राव जिवावर बेततो.