भिंतीवरच्या राखाडी पिशव्या: ती वाळवी नव्हे

या चर्चेत दोघांनी बाथरूमच्या भिंतीवर लटकणाऱ्या, भोपळ्याच्या बीसारख्या चपट्या राखाडी पिशव्यांना वाळवी ठरवलंय. वाळवी अजिबात नाही, आणि आतला किडा भिंतीचं प्लास्टरही खात नाही. हा एका इवल्याशा पतंगाचा सुरवंट आहे, लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीच्याच कुळातला. फेरिओइका युटेरेला हे त्याचं शास्त्रीय नाव; त्यातलं युटेरेला हे १८९७ मध्ये वॉल्सिंगहॅम या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने दिलेलं. पिशवी साधारण ८ ते १४ मिमी लांब असते. आतून रेशीम, बाहेरून वाळूचे कण, धूळ, जे मिळेल ते. दोन्ही टोकांना तोंड असल्यामुळे एकीकडे डिवचलं की स्वारी आतल्या आत वळून दुसरीकडून डोकं काढते. पूर्ण वाढलेला पतंग मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही: करडा, पंखांवर गडद ठिपके, पंख पसरले तरी जेमतेम सेंटीमीटरभर.

खाणं म्हणजे मुख्यतः जुनी कोळिष्टकं, शिवाय केस, लोकर. हवा दमट लागते. म्हणून अमेरिकेत तो फ्लोरिडा, लुइझियानासारख्या ओलसर किनारी राज्यांत दिसतो, आणि आमच्या रत्नागिरीच्या घरी पावसाळ्यात भिंती भरतात. एकदा देवघराजवळच्या पिशवीवर चक्क रांगोळीचे गुलाबी कण चिकटलेले पाहिले (आई म्हणाली, नटलीय बाई!). औषध फवारण्याआधी एकदा कुंचा फिरवून कोपऱ्यातली जळमटं काढा, आमच्याकडे तेवढ्यानेच बऱ्याच कमी झाल्या.